पहिल्या पानावरचा खुनी

“खुनी डॉक्टर आहे,” धोंडीरामकाकांनी मोठ्यानं वाचलं. सगळे हसले.

निकिता पुढे उभी होती. सिडकोतल्या वाचनालयात रविवारी वाचकांचा कट्टा भरतो. आवडलेल्या पुस्तकाबद्दल उभं राहून सांगायचं, पुस्तक हातोहात फिरवायचं, पटलं तर दुसऱ्यानं घरी न्यायचं. तिथं नववीतली मुलगी बोलायला उभी राहायची ही पहिलीच वेळ. आणि तिनं ‘गोदाम नंबर नऊ’ झकास रंगवलं होतं. द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज. बाहेरून कुलूप. आत मालकाचं प्रेत, आणि कुलपाची एकुलती एक किल्ली त्या प्रेताच्याच खिशात. “पुढचं सांगणार नाही,” असं म्हणून तिनं पुस्तक फिरवायला दिलं. ते काकांकडे पोचलं आणि त्यांनी पहिलं पान उघडलं.

तिथं कुणीतरी बॉलपेननं लिहून ठेवलं होतं. वाचनालयातल्या रहस्यकथांना हा रोगच असतो. एक जण आधी वाचतो आणि मागच्या सगळ्यांची मजा घालवून जातो.

“चला, आमची मेहनत वाचली,” काका म्हणाले. “बस खाली, बाळ. पुढचं कोण?”

निकिता बसली नाही. बसली असती तर कपाट गेलं असतं. रहस्यकथा आणि अद्भुत कादंबऱ्यांचं कोपऱ्यातलं कपाट कमिटीनं रद्दीत काढायला सांगितलं होतं. तिथं स्पर्धा परीक्षांची गाईडं येणार होती. ग्रंथपाल आशाताईंनी कालच तिला स्पष्ट सांगितलं होतं, “त्या कपाटाकडे कुणी फिरकतच नाही गं. उद्या चार जणांनी पुस्तकं नेली तर कमिटीला दाखवता येईल. नाहीतर सोमवारी टेम्पो.”

“काका,” निकिता म्हणाली, “एवढ्या जाडजूड पुस्तकातला खुनी पहिल्याच पानावर सापडत असेल, तर लेखकानं बाकीची पानं कशाला लिहिली असतील?”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “म्हणजे डॉक्टर नाही?”

“मी काहीच सांगणार नाही.”

“डॉक्टर नसंलच,” मागून सोमनाथ म्हणाला. तो पिंपळगावला द्राक्षं पॅक करून थंड ठेवणाऱ्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर होता. “कोल्ड स्टोरेजला बाहेरून कुलूप लावून किल्ली आत कशी टाकनार? ज्याला मशीन कळतं त्याचंच काम हाय ते. लय सोपंय.”

“तू वाचलंयस का?”

“नाय. पन माझं रोजचं हाय ना.”

“मग गप बस. आधी मी नेतो.” काकांनी पुस्तक पिशवीत टाकलंसुद्धा.

सोमनाथ उठला आणि थेट कपाटाकडे गेला. त्याच्या मागोमाग पल्लवीमावशी. त्यांच्या हाती ‘मिठाच्या डोंगरावरची राणी’ लागलं. पहिल्या पानावर तेच अक्षर.

“शेवटी राणीचं झाड होतं,” मावशींनी वाचलं. “हे पण असंच का गं?”

“राणी मिठाच्या डोंगरावर राहते, मावशी. मिठात झाड उगवेल का, ते तुम्हीच ठरवा.”

मावशींनी पुस्तक छातीशी धरलं. मग कपाटाभोवती गर्दीच झाली. जो तो पहिलं पान उघडायचा, मोठ्यानं वाचायचा, “छे, शक्यच नाही,” म्हणायचा आणि पुस्तक घेऊन आशाताईंच्या टेबलापाशी रांगेत उभा राहायचा. पुढचे वक्ते केव्हाच खाली बसले होते.

सगळे गेल्यावर आशाताईंनी पेन खाली ठेवलं.

“निकिता, ‘गोदाम नंबर नऊ’ मी वाचलंय. खुनी डॉक्टरच आहे.”

“हो.”

“आणि त्या राणीचं झाडच होतं.”

“हो. काय भारी लिहिलंय ना ते?”

“भारी काय भारी? पुढच्या रविवारी धोंडीरामकाका ते पुस्तक तुझ्यासमोर आणून आपटतील.”

निकिता अर्ध्या रिकाम्या कपाटाचं दार लावत होती.

“आपटू देत ना, ताई. पण त्यासाठी त्यांना परत या कपाटापाशी यावं लागेल.”