शेजारचं पान

"हात धरा, साहेब," शेजारचा माणूस म्हणाला.

हेरंबनं त्या हाताकडं पाहिलं. घामानं ओला, नखांत तंबाखू. दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक संपताना सगळ्यांनी गोल उभं राहायचं, एकमेकांचे हात धरायचे आणि प्रार्थना म्हणायची, अशी तिथली रीत. फोन आल्याचं सोंग करून हेरंब बाहेर पडला, तो थेट स्कूटरपाशी.

आदिलाबादची ती बैठक अशी बाद झाली. नाही तरी तिथं निम्मं तेलुगू, निम्मं हिंदी. आपली लाज आपल्या भाषेत सांगावी, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या बैठकीच्या तर तो दारातूनच परतला. पहिल्याच खुर्चीत कापसाचा एक व्यापारी बसला होता. हेरंबच्या बँकेत रोज येणारा, त्याला वाकून नमस्कार करणारा. अधिकाऱ्यानं गिऱ्हाइकासमोर उभं राहून 'मी बेवडा' म्हणायचं? नुसत्या कल्पनेनं त्याला शिसारी आली. कालपरवापर्यंत स्वतःच्या तोंडाला काय वास येत होता, हे विसरायला नाकाला फार दिवस लागत नाहीत.

पण कुठं तरी बसणं भाग होतं. यामिनी लेकीला, स्वराला घेऊन वणीला माहेरी निघून गेली होती. जाताना ती रडली नाही, भांडली नाही. "एक तरी बैठक शेवटपर्यंत बसून या. मग फोन करा. नाही तर आमची वाट पाहू नका," एवढंच म्हणाली. "मी असं केलंय तरी काय?" त्यानं विचारलं होतं. तिनं बॅग उचलली. स्वरा आईच्या मागं तोंड लपवून उभी होती.

म्हणून रविवारी तो बोथ गावी गेला. बैठक मराठीत आणि ओळखीचं कुत्रंही नाही, याची त्यानं आधीच खात्री करून घेतली होती. शाळेच्या वर्गात पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन दहा-बारा बाप्ये बसले होते. एकानं रात्रभर गोठ्यात शेणात लोळल्याचं सांगितलं आणि बाकीचे चक्क हसले. दुसऱ्यानं सासऱ्याच्या मयतीला नाचल्याचं सांगितलं. हेरंबनं खिडकीकडं तोंड फिरवलं. काय ही माणसं! आपणही प्यायलो, पण काचेच्या पेल्यात, चार भिंतींत. कधी कार्यात घेतली तरी सरळ चालत घरी आलो. त्याला तरी तसंच आठवत होतं.

मग खुशाल सर उठले. मराठी शाळेत शिक्षक, इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. हेरंबला पहिल्यांदाच कुणी तरी आपल्यातलं बोलायला उठल्यासारखं वाटलं.

"गावाचं नाव नाही सांगत," सर म्हणाले. "एका लग्नात पंगतीले बसलो होतो. खिशात क्वार्टर होती. जेवण झालं की प्याची, असं ठरवलं होतं. शेजारच्या पानावर एक साहेब, तो आधीच पिऊन आलेला. बसल्या बसल्या पानातच ओकला. आन् मंग त्याच पानातली बुंदी उचलून खाऊ लागला."

कुणी हसलं नाही. हेरंबनं रुमाल नाकाला लावला.

"मले उठून पळावंसं वाटे. पण नवरीचे आजोबा जेवून राह्यले होते. म्हातारं मानूस उठल्याबिगर पंगत कशी मोडाची? तसाच बसून पाहून राह्यलो. तवा त्याची पोरगी आली, सात-आठ वर्षांची. आपल्या नव्या परकरानं तिनं त्याचं तोंड पुसलं, आन् साऱ्या पंगतीले सांगे, 'माझ्या बाबाले ताप आहे.' त्यानं तिले लाथ मारली. पोरगी पडली. उठली, आन् पुन्हा तेच सांगे, 'ताप आहे त्याईले.' त्या दिवशी क्वार्टर मोरीत ओतली. तवापासून थेंब नाही."

इतकी किळस हेरंबला आयुष्यात कुणाची आली नव्हती. त्याच्याही घरी लेक होती. बैठक कधी संपली, आपण शेवटपर्यंत बसलो, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. चहा वाटला जात होता. त्यानं खुशाल सरांना व्हरांड्यात गाठलं.

"तुमी नुसते बसून राह्यले, सर? त्या हरामखोराले जोड्यानं काऊन नाही मारलं? अशा बापाच्या घरात त्या पोरीनं एक दिवसही राहू नये!"

खुशाल सरांनी इकडंतिकडं पाहिलं. जवळपास कुणी नव्हतं. त्यांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला, दोन्ही हात जोडले आणि अगदी हळू म्हणाले,

"काऊन मारू, साहेब? तुमच्यामुळंच त मी आज जित्ता आहो."