खुणेचा खांब

घड्याळजींनी पांढऱ्या पट्ट्याच्या खांबाला हात लावला आणि दोन्ही घड्याळं एकदम थांबवली. एक खिशातलं, स्वतः तेल घालून सांभाळलेलं. दुसरं मनगटावरचं, लेकीने वाढदिवसाला पाठवलेलं. खिशातलं म्हणालं, एक तास चाळीस सेकंद. मनगटावरचंही तेच म्हणालं. पण त्याने कुणी न विचारता आणखी एक आकडा सांगितला: दहा किलोमीटर, सहाशे चाळीस मीटर.

"चोंबडं कुठलं!" घड्याळजी धापा टाकत म्हणाले.

घड्याळाने वेळ सांगावी. अंतराच्या भानगडीत कशाला पडावं? अंतर हे मोजणीदाराचं काम. नऊ वर्षांपूर्वी पन्नाशी गाठली तेव्हाच दोघा मित्रांचं ठरलं होतं, वेळ घड्याळजींनी बघायची, अंतर मोजणीदाराने. त्याने आपल्या जमीन-मोजणीच्या कचेरीतलं मोजायचं चाक रस्त्यावरून फिरवलं, पाण्याच्या टाकीपासून इथवर बरोब्बर दहा किलोमीटर भरवले आणि खांबाला पांढरा पट्टा ओढला. अटही त्यानेच घातली. "तासाच्या आत आल्याशिवाय शर्यतीचा फॉर्म भरायचा नाही. उगाच चारचौघांत हसं नको."

घड्याळजींना आयुष्यात एकदाच छातीवर नंबर लावून पळायचं होतं. त्यासाठी त्यांनी साखर सोडली. दुकानात घड्याळ उघडून बसले की टेबलाखाली पायाच्या बोटांनी फडकं गोळा करायचे, पोटऱ्या मजबूत होतात म्हणून. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हाताऱ्याला कंप सुटलाय. एवढं करूनही ते मेले चाळीस सेकंद काही सुटेनात. आता उजवा गुडघाही कुरकुरायला लागला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, पळायचं तेवढं या वर्षी पळून घ्या.

मोजणीदार रोज त्यांच्या मागून अर्ध्या मिनिटाने पोचायचा. घड्याळजी खांबाशी त्याची वाट बघत उभे राहायचे. तो कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "हरकत नाही गड्या, पुढच्या वर्षी." तेवढ्यानेही बरं वाटायचं. आपल्याबरोबर आणखी कुणीतरी हरतंय, याचाही माणसाला आधार असतो.

आज तो नव्हता. अधूनमधून रविवारी तो बहिणीकडे जायचा. घड्याळजी घामेजल्या अंगानेच त्याच्या घराकडे निघाले. चाक मागून आणायचं, रस्ता पुन्हा मोजायचा आणि हे थापाडं घड्याळ लेकीकरवी दुकानदाराच्या तोंडावर मारायचं. माणसाने नऊ वर्षं बरोबर पळणाऱ्या मित्रावर विश्वास ठेवावा की नऊ दिवसांच्या डबीवर?

वहिनींनी दार उघडलं आणि बघतच राहिल्या.

"हे काय भावोजी, तुम्ही नाही गेलात शर्यतीला? हो, विसरलेच. तुमचा जीव गर्दीत घाबरतो ना. हे सांगत असतात नेहमी."

घड्याळजींनी कपाळावरचा घाम पुसला. "ते मोजायचं चाक हवं होतं जरा," एवढंच ते म्हणाले.

"आतल्या खोलीत आहे, दारामागे. तुम्हीच घ्या ना, माझे हात साबणाचे आहेत."

इतक्या वर्षांत ते बाहेरच्या खोलीपलीकडे कधी गेले नव्हते. दारामागे चाक होतं. चाकाच्या वर खिळा होता आणि खिळ्याला पदकं लोंबत होती, एकूण अकरा. वेगवेगळ्या शहरांची, वेगवेगळ्या वर्षांची. बाकी मजकूर सगळ्यांवर एकच. दहा किलोमीटर. पन्नाशीपुढचा गट. तिसरा क्रमांक. एकाच्या फितीला वेळेची चिठ्ठी अजून टाचलेली होती: सत्तावन्न मिनिटं तीस सेकंद.

घड्याळजींनी त्यातून अर्धं मिनिट वजा केलं. सत्तावन्न. म्हणजे आपण पहिल्यापासूनच तासाच्या आत होतो. एकदा नाही, रोज.

दुरुस्तीला टाकलेल्या घड्याळातला चांगला भाग काढून कुणी भलताच बसवला, की गिऱ्हाईक जसं बघत राहतं, तसे ते बघत राहिले. लेकाच्याने केसाने गळा कापला होता. राग यायला हवा होता, पण आधी लाज वाटली. आपण त्या खांबाशी रोज याच्यासाठी थांबायचो, याची लाज.

बाहेर चपला वाजल्या. मोजणीदार शीळ घालत आत आला, खांद्यावर पिशवी.

"अरे, तू इथे? मी आत्ताच बहिणीकडून..."

घड्याळजींच्या हातात खिळ्यावरून काढलेली पदकं दिसली आणि तो दारातच थांबला. त्याच्या पँटच्या खिशातून लाल फितीचं टोक बाहेर डोकावत होतं.

"खांब किती पुढे धरलास?" घड्याळजींनी विचारलं.

"सहाशे चाळीस मीटर." मोजणीदाराच्या तोंडून सवयीने अचूक उत्तर गेलं.

"नऊ वर्षं! का रे? बरोबर पळालो असतो की दोघं. मी कुठे तुला अडवत होतो?"

मोजणीदाराने मागोमाग आलेल्या बायकोकडे बघितलं, मग फरशीकडे. फितीचं टोक त्याने बोटाने खिशात ढकललं.

"पदकं तीनच असतात रे," तो म्हणाला.