गोणपाट

संगीत नाटकांच्या थिएटरचा सोनेरी वेलबुट्टीचा मखमली पडदा शिवणकाकूंनी खपून शिवलेला. पण दर प्रयोगाआधी त्याच्यापुढे आग अडवणारा राखाडी पडदा सोडून दाखवायचा नियम. तो दिसला की काकूंचं डोकं फिरायचं. “उचला ते गोणपाट! माझी मखमल बघू दे लोकांना,” त्या विंगेतून ओरडायच्या. एकदा भर गाण्यात रंगमंचावरचा दिवा फुटला, आग भडकली. नट मागच्या दाराने पळाले, पडदेवाल्याने धाडकन गोणपाट सोडलं. मखमलीची राख झाली. पहिल्या रांगेत काकूंची नात होती, तिला झळसुद्धा लागली नाही. काकूंनी नवी मखमल शिवली. थिएटर पुन्हा उघडलं त्या संध्याकाळी गोणपाट खाली आलं. काकूंनी त्याच्या काळवंडलेल्या काठावरून हात फिरवला. त्या ओरडायच्या आत उचलावं म्हणून पडदेवाल्याने दोरी धरली. “थांब रे जरा,” त्या म्हणाल्या, “बघू दे लोकांना.”