उजवं कोपर

रॉडवर सहा प्लेटा होत्या: दोन्ही टोकांना एकेक वीसची, एकेक दहाची, एकेक अडीचची. रॉड पंधराचा. एकूण ऐंशी किलो. समोरच्या भिंतीला टेकून कबड्डीच्या अकरा मुली बसल्या होत्या. संतोष सरांनी त्यांना ओरडण्यासाठीच बोलावलं होतं.

"काय वाट्टेल ते बोला," सर म्हणाले, "फक्त शिव्या नकोत."

निकिता रॉडजवळ आली. मागच्या महिन्यात सांगलीच्या स्पर्धेत याच वजनाला पंचांनी तिला तिन्ही वेळा लाल दिवा दाखवला होता. वजन डोक्यावर गेलं की उजवं कोपर वाकायचं. इथे, नाशिक रोडच्या या हॉलमध्ये, चार वर्षांत ते एकदाही वाकलं नव्हतं. डॉक्टरांनी खांदा आणि कोपर तपासून दोन्ही ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. मग सर म्हणाले, भीती आहे, डोक्यातली. समुपदेशक ताईही तेच म्हणाल्या, जरा गोड शब्दांत. आज तिची शेवटची चाचणी होती. जमलं नाही तर राज्य निवडीसाठी शुभांगीचं नाव जाणार होतं. शुभांगी दोनच महिन्यांपूर्वी मनमाडहून या हॉलमध्ये आली होती.

"ए निकी, सांगलीची हळद लाव की कोपराला!"

"लाल दिवा लागला, गाडी थांबली!"

निकिताने वजन खांद्यावर घेतलं, एक श्वास घेतला आणि वर ढकललं. दोन्ही हात ताठ. रॉड सरळ. तिने तीन मोजले आणि खाली टाकला. ओरडणाऱ्या मुलीच टाळ्या वाजवू लागल्या.

सर गोंधळले. "गर्दीला घाबरत नाहीस, मग कशाला घाबरतेस?"

"मला कुठं माहितीये, सर?"

दारात तिची आई, विमलाबाई, येऊन उभी होती. स्टेशनजवळची भाजी विकून ती परत निघाली होती. काखेत रिकामी पोती, हातात काटा. "लय चांगलं उचलती माझी पोर," ती शुभांगीला म्हणाली. "त्या सांगलीत कुणाची तरी दृष्ट लागली. दुसरं काय नाय."

सरांनी हॉलभर नजर फिरवली. "रोज भिंतीकडे तोंड करून उचलतेस. सांगलीत समोर भिंत नव्हती. वळ. दाराकडे तोंड कर."

निकिता वजन तिथेच ठेवून पलीकडच्या बाजूला गेली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. आता समोर आई होती, रस्ता होता, रिक्षा होत्या. वजन खांद्यावर आलं, तिथून वर गेलं, आणि उजवं टोक खाली झुकलं. कोपर वाकलं. रॉड धाडकन तिच्या मागे पडला.

"बघितलंस?" सरांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "जागा बदलली की डोकं फिरतं तुझं. खांदा नाही, कोपर नाही. हे सगळं इथे आहे." त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं.

निकिता तळहातावरची खडूची पूड बघत राहिली. भीती कशी असते ते तिला ठाऊक होतं. बारावीच्या निकालाच्या दिवशी तिला मोबाईलवर स्वतःचा बैठक क्रमांकही धड टाकता आला नव्हता. आत्ता तसं काहीच नव्हतं.

"सर, भीती नाही वाटली. वजन वाटलं."

"ऐंशीच आहे ना? मघाशीही ऐंशीच होतं."

"मघाशी या बाजूला वाटत होतं." तिने डावा हात हलवला. मग उजवा. "आता इकडे वाटलं."

शुभांगी हसली. "म्हणजे वजन पण तुझ्याबरोबर वळलं का गं?"

निकिता हसली नाही. तिने रॉडच्या एका टोकाकडे बघितलं, मग दुसऱ्या. "नाही. मी वळले. ते जागेवरच आहे." मग सरांना म्हणाली, "एकदाच, सर. मी दाराकडेच तोंड करते. आपण रॉड फिरवू. हे टोक तिकडे."

"त्याने काय होणार आहे?"

"माहीत नाही."

सरांनी खांदे उडवले. शुभांगीने एक टोक धरलं, सरांनी दुसरं. जड रॉड लाकडी फळ्यांवर अर्धा गोल फिरला. निकिता पुन्हा दाराकडे तोंड करून उभी राहिली. तोच रस्ता, त्याच रिक्षा. वजन वर गेलं. दोन्ही हात ताठ. रॉड सरळ.

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. काय झालं ते कुणालाच कळलं नव्हतं.

"या प्लेटा नेहमी त्याच बाजूला असतात?" शुभांगीने विचारलं.

"डावीकडच्या डाव्या खुंटीवर, उजवीकडच्या उजव्या," कबड्डीतली एक मुलगी म्हणाली. "इकडची तिकडे झाली तर सर पळायला लावतात."

"सांगलीत या प्लेटा नव्हत्या, सर." निकिताने दोन्ही वीसच्या प्लेटा काढल्या आणि दारापाशी नेऊन ठेवल्या. "आई, काटा लाव."

विमलाबाईंनी काटा फरशीवर ठेवला, बटण दाबलं, शून्य आल्याचं बघितलं.

"काटा बरोबर आहे ना, मावशी?" सरांनी उकिडवं बसत विचारलं.

"गिऱ्हाईक बी रोज हेच विचारतं, सर."

चार वर्षं डाव्या हाताला असलेली प्लेट आधी ठेवली. आकडे पळाले, थांबले. वीस किलो चाळीस ग्रॅम. सरांनी रोखलेला श्वास सोडला.

मग उजवीकडची ठेवली. आकडा बघून विमलाबाईंनी ती उचलली, काटा शून्य केला आणि पुन्हा ठेवली. दोन्ही वेळा आकडा एकच आला.

अठरा किलो दोनशे चाळीस.