दारातला वरवंटा

चंद्रावरच्या वस्तीत धुळीची सरसर थांबली की मालन हातातलं काम टाकून धावायची. तिच्या नरसाळ्यातून धूळ भट्टीत पडायची आणि त्या भट्टीतून चाळीस जणांची हवा निघायची. पण नरसाळ्याच्या तोंडाशी खडे एकमेकांना अडून कमान धरायचे आणि वाट बंद व्हायची. इंजिनिअर उद्धव हादरे वाढवायचा, तसे ते आणखी घट्ट बसायचे. शेवटी मालनने आईचा वरवंटा तोंडाच्या वर टांगला. वरच्या धुळीचा रेटा त्याने झेलला आणि धूळ दोन्ही बाजूंनी सुरळीत पडू लागली. उद्धव हसला होता.

आज घुमटाला तडा गेला. भोंगा होताच सगळे आसरा-खोलीच्या अरुंद दाराकडे धावले. मालन सर्वांत आधी पोचली, पण आत गेली नाही. दारापासून दोन हातांवर कठडा धरून गर्दीकडे तोंड करून उभी राहिली.

"वाट सोड की, बये! मारतेस का सगळ्यांना?" उद्धवने ओरडत कोपर मारलं. शिव्या देत, धक्के देत माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी आत गेली. दारात कुणी अडकलं नाही. शेवटी ती शिरली आणि दार बंद झालं.

"सगळे आले का?" ती अंधारात ज्याला त्याला विचारत फिरली. लोक तोंड फिरवून बाजूला सरकत होते. थोड्या वेळाने उद्धवने बॅटरीच्या उजेडात तिच्यासमोर कागद धरला. "दार अडवल्याची तक्रार आहे. सगळ्यांच्या सह्या घेतल्यात."

मालनने कागद ओढून घेतला आणि एकेक सही मोजली. एकोणचाळीस, आणि ती स्वतः चाळिसावी.

तिने कागद उद्धवला परत दिला. "आले," म्हणाली, "सगळे आले."