प्रमाणासाठी माणूस

धरणाच्या डाव्या कड्यासमोर उभं राहून टिपणीस साहेबांनी टॅब्लेट पुढे केला. पडद्यावर त्याच कड्याचं, यंत्रानं फोटोवरून काढलेलं सुबक चित्र होतं. त्यात भेग म्हणजे एक बारीक रेघ होती.

"यंत्राला ही केसाएवढी दिसते, रेवती. उद्या पाणी भरायला परवानगी द्यायचीय."

"मी भेगेला हातोडा टेकवून फोटो काढला होता, सर. यंत्रानं हातोडा पुसला. तो नसला की हा कडा हातात मावणारा दगडही वाटू शकतो."

"खडकाच्या चित्रात हातोडा, माणूस, सगळा कचराच. आणि आता हातानं काढलेली चित्रं कायद्यानं बाद आहेत."

"जुने भूवैज्ञानिक कड्याशेजारी माणूस काढायचे, ते हौस म्हणून नाही." रेवतीनं पिशवीतून कागद काढला. "तुम्हीच आत जाऊन बघा ना."

साहेब वैतागून भेगेत शिरले. अंग चोरावं लागलं नाही, की डोक्यावरचं हेल्मेट काढावं लागलं नाही. ते वळले तेव्हा रेवतीची पेन्सिल चालू होती. काळा कडा, त्यातला तांबड्या मातीचा थर, भेग, आणि भेगेत चष्म्यासकट साहेब.

"हे कुठेही दाखल होणार नाही."

"दाखल कोण करतंय? धरणाखालच्या प्रत्येक गावात चावडीवर लावणार आहे."

साहेबांनी चित्र निरखलं. त्यांचा आवाज उतरला. "निदान मला तरी खोड त्यातून."

"तुम्हाला खोडलं," रेवती म्हणाली, "की भेग पुन्हा केसाएवढी होईल."