बुवांचं पडसं

शार्ङ्गधरबुवांना सर्दी झाली, की त्यांच्या मनगटावरची जादूची पट्टी ती सर्दी शिष्येच्या मनगटावरच्या पट्टीत पाठवायची. गुरुसेवा म्हणे! त्यामुळे बुवांचा गळा कायम स्वच्छ आणि मागे तंबोऱ्यावर बसलेल्या ऋजुताचं नाक अकरा वर्षं वाहतंय.

आज भर मैफलीत बुवा म्हणाले, "आमची ही शिष्या. एवढी वर्षं शिकवतोय, पण मुळात गळाच नाही हो!"

रसिक खो खो हसले.

ऋजुतानं तंबोरा छेडता छेडता आपल्या मनगटावरची पट्टी सोडून टाकली.

बुवांनी लांबलचक तान घेतली आणि बरोब्बर समेवर सणसणीत शिंकले. रसिकांनी सवयीनं "क्या बात है!" म्हटलं.

ऋजुतानं आपला ओला रुमाल पुढे केला. "घ्या बुवा, पडसं तुमचंच आहे," ती म्हणाली आणि तिनं मोकळ्या गळ्यानं षड्ज लावला.